अमेरिकेतील हरीण-शिकारीची रायफल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये पांढऱ्या शेपटीचे हरीण आणि पश्चिमेकडील राज्यांत आढळणारे म्यूल हरीण यांच्या परवानाधारक शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीस तेथे 'डीअर रायफल' असे म्हणतात. हा बंदुकीचा स्वतंत्र तांत्रिक प्रकार नाही. लिव्हर, बोल्ट, पंप किंवा अर्धस्वयंचलित यांपैकी कोणत्याही यंत्रणेची रायफल या कामी वापरली जाते. वर्षातील बहुतेक दिवस ती कपाटात असते, हंगामात थंडी, पाऊस आणि बर्फ सोसते आणि तिच्यातून प्रत्यक्ष शिकारीत एखाद-दुसरीच गोळी सुटते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जे मर्मस्थान होते त्याची रुंदी सुमारे २० सेंटिमीटर असते. पहिली गोळी तेथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळते. ती पोटात किंवा पायात लागली तर जखमी हरीण कित्येक तास जिवंत राहते, दाट झाडीत दूर निघून जाते आणि पुष्कळदा सापडतही नाही. रायफलीची निवड, तिची निगा आणि तिची खरेदी-विक्री यांविषयीचे बहुतेक संकेत या एका गोष्टीतून निघाले आहेत.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हरणांची शिकार बाजारासाठी होत असे. मांस आणि कातडे रेल्वेने शहरांत जाई आणि शिकारीला संख्येची मर्यादा नसे. इ.स. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीच्या हरणांची देशातील संख्या सुमारे ५ लाख किंवा त्याहूनही कमी उरली होती, असा अंदाज केला जातो. त्याच वर्षी झालेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांची आंतरराज्य वाहतूक गुन्हा ठरवली. पुढे राज्यांनी ठरावीक हंगाम, परवाने आणि प्रत्येक शिकाऱ्यामागे हरणांची संख्या निश्चित केली. आज ही संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते. पूर्वेकडील बऱ्याच भागांत लांडगे व प्यूमा उरलेले नसल्यामुळे हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम मुख्यतः परवानाधारक शिकारीवर येऊन पडले आहे.

बंदुकीच्या विक्रीचा वन्यजीव संरक्षणाशी तेथे थेट आर्थिक संबंध आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि दारूगोळा यांच्यावर उत्पादक किंवा आयातदाराच्या पातळीवर ११ टक्के उत्पादन शुल्क आकारले जाते आणि ती रक्कम राज्यांच्या वन्यजीव विभागांना वाटली जाते. हे शुल्क नव्या मालावरच असल्याने जुन्या रायफलीच्या हस्तांतरातून या निधीत काही भर पडत नाही.

हंगामाला ग्रामीण भागात सणाचे रूप असते. विस्कॉन्सिनमधील नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पेनसिल्व्हेनियात तो अनेक दशके थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि त्या दिवशी तेथील पुष्कळ शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून तेथे पहिला दिवस शनिवारी आणला गेला. आजोबांची रायफल नातवाकडे जाणे हा अशा कुटुंबांतील एक संस्कारच असतो. जुन्या रायफलींच्या बाजारात पैशांच्या जोडीने भावनाही गुंतलेली असते, ती यामुळे.

इतिहास

हरीण-शिकारीची रायफल म्हणताच अमेरिकी माणसाच्या डोळ्यांसमोर जी आकृती येते ती बहुधा विंचेस्टर १८९४ या लिव्हर रायफलीची असते. जॉन ब्राउनिंग यांनी तिची रचना केली. आरंभी ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली. १८९५ मध्ये तिच्यासाठी .३०-३० हे धूररहित दारूचे काडतूस बाजारात आले आणि या जोडीने पूर्वेकडील दाट जंगलातील शिकारीचे मान ठरवले. तेथे हरीण बहुतेक वेळा १०० यार्डांच्या (सुमारे ९१ मीटर) आतच दिसते. हलकी, सपाट, खोगिराशेजारच्या म्यानात सहज बसणारी ही रायफल त्या अंतराला पुरेशी होती. तिच्या ७० लाखांहून अधिक प्रती बनल्या. कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील कारखाना २००६ मध्ये बंद झाला.

या रचनेला दोन मर्यादा होत्या. तिचे मॅगझीन नळीखाली समांतर बसवलेल्या दुसऱ्या नळीच्या रूपात असते आणि त्यात काडतुसे एकामागे एक बसतात. अशा वेळी मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेले असते. टोकदार गोळी वापरल्यास मागे बसणाऱ्या धक्क्याने तो प्रायमर फुटण्याचा धोका असतो. म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्या वापरतात. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, आणि .३०-३० ची मर्यादा मुख्यतः तेथून येते. अलीकडे मऊ प्लास्टिकसारख्या टोकाच्या गोळ्या निघाल्याने ही अडचण काही अंशी दूर झाली आहे. दुसरी मर्यादा अशी, की जुन्या विंचेस्टरमधून रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकले जाते आणि त्यामुळे दुर्बीण मधोमध बसवता येत नाही. १९४८ मध्ये आलेल्या मार्लिन ३३६ रायफलीतून काडतूस बाजूने बाहेर पडत असे. दुर्बिणीचा वापर वाढला तसा तिला याचा मोठा लाभ झाला.

बोल्ट रायफलीचा प्रसार मुख्यतः दोन महायुद्धांमुळे झाला. सैन्यात बोल्ट रायफल हाताळून परतलेल्या लाखो तरुणांना तीच सवयीची वाटू लागली. तिचा मूळ नमुना म्हणजे जर्मनीची १८९८ ची माउझर रायफल. तिच्या बोल्टवरील लांब आकडा काडतुसाची कड मॅगझीनमधून बाहेर येतानाच पकडतो, त्यामुळे घाईतही काडतूस अडकत नाही. १९०६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस नागरी शिकारीतही स्थिरावले. १९२५ मध्ये त्याच्याच कवचापासून .२७० विंचेस्टर तयार झाले. 'आउटडोअर लाइफ' मासिकातील लेखक जॅक ओ'कॉनर यांनी त्याचा इतका पुरस्कार केला, की ते काडतूस आणि त्यांचे नाव आजही एकत्रच घेतले जाते. १९५२ मध्ये .३०८ विंचेस्टर, १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर ही काडतुसे आली.

काडतुसाची निवड

नवख्या शिकाऱ्याची सर्वसाधारण समजूत अशी असते, की जितके शक्तिशाली काडतूस तितके चांगले. हरणाच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. प्रौढ नर हरणाचे वजन बहुधा ६० ते १३० किलोग्रॅमच्या दरम्यान असते आणि योग्य जागी लागलेली मध्यम शक्तीची गोळी त्याला पुरेशी असते. शक्ती वाढली की खांद्याला बसणारा धक्का वाढतो. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा धक्का .२४३ च्या जवळपास दुप्पट असतो. धक्क्याची भीती बसली की चाप ओढण्याच्या क्षणी नेमबाज नकळत दचकतो, डोळे मिटतो, आणि गोळी भलतीकडे जाते. ही सवय एकदा जडली की मोडायला फार काळ लागतो. म्हणूनच मुलांना किंवा बांध्याने लहान व्यक्तींना .२४३ सारखे काडतूस सुचवले जाते. उंच, उघड्या पठारांवर शिकार करणाऱ्यांना मात्र सपाट मार्गाने जाणारी गोळी लागते. .३०-३० रायफल १०० यार्डांवर बरोबर लावली तर २०० यार्डांवर गोळी सुमारे ८ इंच खाली लागते. .२७० रायफल २०० यार्डांवर लावली तर ३०० यार्डांवर ती ६ ते ७ इंचच खाली जाते.

कायदाही निवडीवर मर्यादा घालतो. कोलोरॅडोत हरणासाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच आणि तिचे वजन किमान ७० ग्रेन (सुमारे ४.५ ग्रॅम) असावे लागते, गोळी लागल्यावर पसरणारी असावी लागते आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड (सुमारे १,३५६ जूल) असावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये दाट वस्तीमुळे हरणासाठी रायफलीला परवानगीच नाही. तेथे छऱ्याची बंदूक, तोंडाने भरावयाची बंदूक आणि धनुष्यबाण चालतात. ओहायो आणि मिशिगनचा दक्षिण भाग येथे सरळ कवचाच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या, काडतुसांनाच मुभा आहे, कारण त्यांची गोळी फार दूर जात नाही. अशा राज्यांतील गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून विंचेस्टर कंपनीने २०१९ मध्ये .३५० लीजंड हे काडतूस काढले. म्हणजे येथे कायदा आधी आला आणि काडतूस मागाहून. तुलनेसाठी, इंग्लंडच्या १९९१ च्या हरीण कायद्यात सर्वसाधारणपणे किमान .२४० इंच व्यास आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पौंड ऊर्जा सांगितली आहे.

गोळीची रचना आणि शिशाचा प्रश्न

सैनिकी गोळी पूर्णपणे धातूच्या आवरणात असते आणि शरीरातून आरपार निघून जाते. शिकारीची गोळी पुढून उघडी असते. शरीरात शिरताच ती छत्रीसारखी उमलते आणि रुंद जखम करते. मऊ गोळी वेगवान काडतुसात वापरल्यास ती पृष्ठभागावरच फुटून जाते, तर कठीण गोळी संथ काडतुसात उमलतच नाही. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत ठेवून यावर उपाय शोधला. पुढचा भाग उमलतो आणि मागचा अखंड राहून आत जातो. ती गोळी 'पार्टिशन' या नावाने आजही विकली जाते.

शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसात पसरतात. क्ष-किरण चित्रात ते बर्फाच्या भुरभुरीसारखे दिसतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. शिकारी जंगलात टाकून देतात त्या आतड्यांतही हे कण राहतात आणि ती खाणाऱ्या गिधाडांना व गरुडांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्नियातील काँडोर हे महाकाय गिधाड नामशेष होण्याच्या मार्गावर होते आणि मुक्त सोडलेल्या काँडोरांच्या मृत्यूचे शिसे हे एक प्रमुख कारण ठरले. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व प्रकारच्या शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी घातली. पर्याय म्हणून संपूर्ण तांब्याची गोळी वापरली जाते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक जुन्या नळीला ती मानवतेच असे नाही. त्यामुळे गोळीचा प्रकार बदलल्यावर रायफल नव्याने लावून घ्यावी लागते. तांब्याच्या गोळ्या महाग असल्याची तक्रार शिकारी करतात आणि ती खरीही आहे. मात्र हंगामात सुटणाऱ्या गोळ्यांची संख्या पाहता हा फरक परवाना, पेट्रोल आणि कपडे यांच्या खर्चापुढे किरकोळ ठरतो.

रायफल, दस्ता आणि दुर्बीण

रायफल अंगाला बसणे हे तिच्या नावापेक्षा महत्त्वाचे मानले जाते. दस्ता लांब असेल तर जाड हिवाळी कोटात तो काखेत अडकतो. आखूड असेल तर दुर्बिणीची कड धक्क्याने भुवईवर आपटते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता देखणा असतो, परंतु दमट हवेत तो फुगतो, नळीवर एका बाजूने दाब आणतो आणि नेम सरकतो. म्हणून नळी आणि दस्ता यांमध्ये बारीक फट ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कृत्रिम तंतूंचा किंवा थर चिकटवलेल्या लाकडाचा दस्ता हवामानाला दाद देत नाही. जुन्या पिढीला तो आवडत नाही, तरीही पावसाळी प्रदेशांत त्याचाच वापर वाढला आहे.

दुर्बिणीत ३ ते ९ पट मोठे दाखवणारी आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर असलेली रचना दीर्घकाळ सर्वमान्य राहिली. ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये 'ड्युप्लेक्स' हे नेमचिन्ह आणले. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशा त्याच्या रेषा पहाटेच्या व सांजेच्या अंधुक प्रकाशातही दिसतात, आणि हरणे बाहेर पडतात तीही नेमकी त्याच वेळी. दुर्बिणीचा उपयोग जनावर शोधण्यासाठी करू नये, त्यासाठी हातातली ८ किंवा १० पटीची द्विनेत्री वेगळी बाळगावी, असे सुरक्षा-प्रशिक्षणात आवर्जून शिकवले जाते. कारण रायफलीची दुर्बीण ज्याच्याकडे वळते त्याच्याकडे नळीही वळते, आणि झाडीमागची हालचाल माणसाचीही असू शकते.

नेम लावणे

दुकानात दुर्बीण बसवून मिळाली म्हणजे रायफल तयार झाली असे होत नाही. चांदमारीच्या मैदानावर, टेकूवर स्थिर ठेवून, तीन-तीन गोळ्यांचे गट झाडले जातात आणि गटाचा मध्य पाहून दुर्बिणीच्या चकत्या फिरवल्या जातात. चकतीचा एक खटका बहुधा पाव कोनमिनिटाचा असतो. १०० यार्डांवर एक कोनमिनिट म्हणजे १.०४७ इंच, त्यामुळे एका खटक्याने गोळी सुमारे पाव इंच सरकते. गट ३ इंच खाली लागत असेल तर साधारण १२ खटके वर घ्यावे लागतात. गरम नळीतून गोळी वेगळीकडे जाऊ शकते, म्हणून मध्ये थांबून नळी थंड होऊ द्यावी लागते. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कोठे लागते हे स्वतंत्रपणे नोंदवून ठेवणारे शिकारी थोडे असतात, पण जंगलात झाडली जाणारी गोळी तीच असते.

टेकूवर एक इंचाचा गट काढणारी व्यक्ती उभ्याने, धाप लागलेली असताना, त्याच अंतरावर एक फुटाचाही गट काढू शकत नाही. म्हणून आपल्या रायफलीची कमाल मर्यादा किती यापेक्षा बसून, गुडघ्यावर आणि झाडाला टेकून आपल्याला किती अंतरापर्यंत २० सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळी मारता येते, हे पाहिले जाते. पुष्कळांसाठी ते अंतर १५० यार्डांच्या पलीकडे जात नाही.

निगा

रायफलीचे नुकसान वापरापेक्षा साठवणुकीने अधिक होते. थंडीतून आलेली रायफल उबदार घरात नेताच तिच्या धातूवर आणि बोल्टच्या आत दव साचते. बंद म्यानात ठेवून ती सावकाश घराच्या तापमानाला येऊ देणे आणि मग उघडून पुसणे हा उपाय आहे. कातडी किंवा फोमच्या म्यानात रायफल महिनोन्‌महिने ठेवल्यास ते म्यान ओलावा धरून ठेवते आणि गंज चढतो.

सफाईपूर्वी रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने अशा दोन्ही प्रकारे करतात आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवतात. बोल्ट काढून गज शक्यतो मागच्या बाजूने घालतात. पुढून घातल्यास तो नळीच्या तोंडाची कड झिजवतो, आणि गोळी नळी सोडताना सर्वांत शेवटी त्या कडेलाच स्पर्श करते. जुन्या लिव्हर रायफलींत मागून गज घालता येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडाची झीज खरेदीच्या वेळी पाहावी लागते. द्रावणात भिजवलेली चिंधी, मग कांस्याचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या असा क्रम असतो. दारूची काजळी लवकर निघते, तांब्याचा थर चिवट असतो आणि त्यासाठी अमोनियायुक्त द्रावण लागते. चिंधीवर निळसर डाग येणे बंद झाले म्हणजे तांबे निघाले असे समजतात. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात दिला जातो. हंगामापूर्वी नळीतील हे तेल कोरड्या चिंधीने पुसून काढणे आवश्यक असते, कारण तेलकट नळीतील पहिली गोळी नेहमीच्या जागी लागत नाही. काही जण याच कारणासाठी सफाईनंतर मैदानावर एक-दोन गोळ्या झाडून मगच जंगलात जातात.

तेल जास्त झाल्यानेही बिघाड होतो. कडाक्याच्या थंडीत जाड तेल गोठते, बोल्टमधील टाचणी संथ होते आणि चाप ओढूनही काडतूस पेटत नाही. उत्तरेकडील राज्यांत बोल्ट पूर्ण कोरडा करून किंवा त्यात कोरडे वंगण घालून वापरतात. उभ्या ठेवलेल्या रायफलीतील तेल वर्षानुवर्षे खाली ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि मनगटाजवळचे लाकूड मऊ करते. याखेरीज हिमात किंवा चिखलात पडून नळीचे तोंड बुजल्यास ती गोळी झाडताच फाटू शकते. म्हणून तोंडावर साधी चिकटपट्टी लावतात. गोळीपुढे दाबली जाणारी हवाच ती पट्टी उडवते, नेमावर तिचा परिणाम होत नाही.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार हवेतील पाणी ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजवू शकतो. तो तेलात विरघळत नाही, त्याला पाणीच लागते. असा दारूगोळा वापरल्यास नळी आधी गरम पाण्याने धुऊन, वाळवून मग तेल देतात.

इतर साधने

बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात झगझगीत नारिंगी जाकीट किंवा टोपी सक्तीची आहे. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीटसा कळत नाही, माणसाला मात्र तो रंग दुरून दिसतो. विस्कॉन्सिनने २०१६ मध्ये झगझगीत गुलाबी रंगालाही मान्यता दिली. झाडावर बांधलेल्या मचाणावरून पडणे हे शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे मोठे कारण आहे, म्हणून जमीन सोडल्यापासून परत जमिनीवर येईपर्यंत अंगाला सुरक्षा-पट्टा असावा लागतो. रायफल मचाणावर रिकामीच, दोरीने ओढून घेतात. रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या धोका-मर्यादेहून अधिक असल्याने एकाच आवाजानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. मैदानावर कानरक्षक सगळे घालतात, जंगलात फारच थोडे.

खरेदी-विक्री

१९६८ पर्यंत अमेरिकेत रायफल टपालाने मागवता येत असे. सीअर्ससारख्या सूचिपत्र-दुकानांनी विंचेस्टर, मार्लिन इत्यादी कारखान्यांकडून रायफली बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकल्या. बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्या नावाची सीअर्सची लिव्हर रायफल ही प्रत्यक्षात विंचेस्टर ९४ च होती. अशा रायफली जुन्या बाजारात मूळ नावाच्या जुळ्या भावंडापेक्षा स्वस्त मिळतात आणि शिकारीला तितक्याच उपयोगी पडतात. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची १९६३ मध्ये टपालाने मागवलेल्या रायफलीने हत्या झाली. त्यानंतरच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने हा मार्ग बंद केला. आता परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेणाऱ्याचे वय किमान १८ असावे लागते, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि नोव्हेंबर १९९८ पासून खरेदीदाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी तत्काळ तपासणाऱ्या राष्ट्रीय प्रणालीतून त्याची पडताळणी होते.

दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराचे नियम राज्यागणिक बदलतात. केंद्रीय कायद्यानुसार एकाच राज्यातील रहिवासी पडताळणीविना रायफल विकू शकतात, परंतु घेणारा अपात्र असल्याचे माहीत असल्यास किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असल्यास तो गुन्हा ठरतो. कॅलिफोर्नियात आणि २०१३ पासून कोलोरॅडोत खासगी व्यवहारही विक्रेत्यामार्फतच करावा लागतो. घेणारा दुसऱ्या राज्यातील असेल तर रायफल सर्वत्र परवानाधारकामार्फतच जाते. मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेली रायफल या आंतरराज्य नियमातून वगळलेली आहे. दुसऱ्यासाठी, त्याच्याच पैशाने, आपण खरेदीदार असल्याचे भासवून बंदूक घेणे हा गुन्हा आहे. तो दुसरा स्वतः पात्र असला तरी गुन्हा कायम राहतो, असा निर्वाळा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पुतण्याने काकांसाठी घेतलेल्या पिस्तुलाच्या खटल्यात दिला. खरीखुरी भेट देणे मात्र वैध आहे. १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेल्या बंदुका केंद्रीय कायद्यात पुरातन वस्तू मानल्या जातात. विंचेस्टर १८९४ च्या पहिल्या काही वर्षांच्या प्रती या व्याख्येत येतात, पुढच्या येत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या क्रमांकाला किमतीत महत्त्व असते.

किंमत ठरण्याचे तर्कशास्त्र नवख्याला चमत्कारिक वाटते. विंचेस्टर मॉडेल ७० ची निर्मिती १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी बदलली. माउझर पद्धतीचा लांब आकडा गेला आणि दस्त्यावरील हाताने कोरलेली नक्षी जाऊन दाबून उठवलेली आली. तेव्हापासून '६४ पूर्वीची' हे विशेषण बाजारात किंमत वाढवणारे ठरले. याउलट महायुद्धांनंतर स्वस्तात मिळालेल्या स्प्रिंगफील्ड आणि माउझर रायफलींचे दस्ते कापून, नळ्या आखूड करून हजारो लोकांनी त्यांच्या शिकारी रायफली केल्या. त्या काळी ही सुधारणा मानली गेली. आज त्याच रायफली मूळ लष्करी रूपात असत्या तर कितीतरी अधिक किमतीला गेल्या असत्या. ज्याला संग्रह करायचा नाही, फक्त शिकार करायची आहे, त्याच्या मात्र ही परिस्थिती पथ्यावर पडते.

जुनी रायफल घेताना पाहावयाच्या गोष्टींत सौंदर्याचा क्रम शेवटचा लागतो. नळीतील गंजाचे खड्डे, तोंडाच्या कडेवरचे ओरखडे, दस्त्याच्या मनगटावरील चीर, बोल्ट मूळ रायफलीचाच आहे की नाही आणि नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव ही तपासणी आधी होते. बोल्ट बदललेला असेल तर काडतूस आणि बोल्टचे तोंड यांमधील अंतर कुशल कारागिराकडून मोजून घ्यावे लागते. ते जास्त असल्यास कवच फाटून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या १९०३ नमुन्याच्या ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफलींचा रिसीव्हर उष्णता-प्रक्रियेतील दोषामुळे ठिसूळ असू शकतो, त्यामुळे त्या झाडू नयेत असा सल्ला दिला जातो. वरून त्या निर्दोष दिसतात.

चाप आणि सुरक्षा-खटक्याची चाचणी विशेष काळजीने केली जाते. रेमिंग्टन ७०० ही १९६२ पासूनची अत्यंत खपलेली बोल्ट रायफल आहे. तिच्या जुन्या प्रतींत सुरक्षा-खटका लावलेला असताना बोल्ट उघडत नसे, म्हणजे रायफल रिकामी करण्यासाठी आधी खटका काढावा लागे. १९८२ मध्ये ही रचना बदलण्यात आली. चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारींवरून अनेक दावे झाले. कंपनीने मूळ रचनेतील दोष नाकारला, पण सामूहिक दाव्यातील तडजोडीनुसार जुने चाप बदलून देण्याची योजना राबवली गेली. त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या नव्या 'एक्स-मार्क प्रो' चापाच्या रायफली कंपनीने परत मागवल्या होत्या. जुन्या बाजारात फिरणारी प्रत दुरुस्त झालेली आहे की नाही हे विकणाऱ्याला पुष्कळदा माहीत नसते, कारण ती त्याच्याकडेही दुसऱ्या कुणाकडून आलेली असते. क्रमांक आणि चापाचा प्रकार पडताळून, शंका असल्यास चाप बदलून मगच ती भरणे योग्य ठरते.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, भेकर, काळवीट इत्यादींच्या शिकारीला मनाई आहे. त्यापूर्वी संस्थानिक आणि ब्रिटिश अधिकारी यांच्यात ती प्रतिष्ठेची मानली जाई. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार केली जात असे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत नागरिकांना परवान्यावर रायफल मिळू शकते. .३०३ सारख्या लष्करी काडतुसांच्या रायफली सामान्य परवानाधारकाला मिळत नसल्याने .३१५ व्यासाची रायफल येथे रूढ झाली. ती पश्चिम बंगालमधील इशापूर येथील सरकारी कारखान्यात बनते.